एक डोमेन, अनेक साइट: फोल्डर, सबडोमेन की मल्टिसाइट?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलोय ते कळेल. शिक्षण संस्थेचं एक डोमेन आहे. त्यावर वर्डप्रेसची मुख्य साइट आठ वर्षं चालू आहे. आता वरिष्ठ महाविद्यालयाला स्वतंत्र साइट हवी, संस्थेच्या १२ शाळांना छोट्या छोट्या साइट हव्यात, वर्गांसाठी मूडल (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्यांचं सॉफ्टवेअर) लावायचंय, आणि ग्रंथालयाचं कोहा (पुस्तकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) कॅम्पसमधल्याच एका मशीनवर आहे ते घरबसल्या दिसायला हवं. सचिवसाहेबांची अट अशी की सगळं आपल्याच नावाखाली हवं, नवीन डोमेन घ्यायचं नाही. तर फोल्डर करावेत, सबडोमेन करावीत, की वर्डप्रेसचं मल्टिसाइट?

तिन्ही लागतील. पण कुठे काय, हे सॉफ्टवेअरवरून ठरवू नका.

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक साइटपुढे तीन नावं लिहा: मजकूर कोण टाकणार, अपडेट कोण मारणार, आणि रात्री साइट पडली तर फोन कोणाला जाणार. या तीन नावांत जिथे बदल होतो तिथे सबडोमेन. जिथे तीच माणसं आहेत तिथे फोल्डर किंवा मल्टिसाइट चालेल. पंधरा-सोळा वर्षं सांगली-साताऱ्याकडच्या संस्थांची हीच कामं करतोय. यात तांत्रिक चुकीमुळे जेवढं बिघडलेलं पाहिलं त्याच्या दुप्पट ‘ते त्यांच्याकडे आहे’ यामुळे बिघडलेलं पाहिलंय.

शब्दांचा एक घोळ सुरुवातीलाच निस्तरू. फोल्डर आणि सबडोमेन ही पत्त्याची रूपं आहेत. संस्था.इन/विज्ञान हा फोल्डर, विज्ञान.संस्था.इन हे सबडोमेन. (प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत असेल, इथे वाचायला सोपं म्हणून असं लिहितोय.) मल्टिसाइट म्हणजे एकाच वर्डप्रेसच्या पोटात अनेक साइट. तिचे पत्ते फोल्डरचे असू शकतात किंवा सबडोमेनचे. म्हणजे पत्ता कसा दिसावा आणि आत इन्स्टॉल किती असावेत, हे दोन वेगळे निर्णय आहेत. लोक ते एकत्र करतात आणि मग अडकतात.

फोल्डरबद्दल आधी, कारण तो सगळ्यांना सोपा वाटतो. पब्लिक एचटीएमएलमध्ये (सर्व्हरवरच्या साइटच्या मुख्य फोल्डरात) नवीन फोल्डर केला, त्यात दुसरं वर्डप्रेस टाकलं, झालं. चालतंही. पण ब्राउझरच्या लेखी एक घर म्हणजे तीन गोष्टी: एचटीटीपी की एचटीटीपीएस, होस्टचं पूर्ण नाव आणि पोर्ट. त्यापुढच्या स्लॅशनंतर काय आहे याला तिथे किंमत नाही. म्हणजे संस्था.इन/माजी-विद्यार्थी आणि संस्था.इनची मुख्य साइट यांच्यामध्ये भिंत नाही, फार तर पडदा आहे. माजी विद्यार्थ्यांच्या साइटवरच्या अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये भोक राहिलं, कुणी त्यात स्क्रिप्ट घुसवली, आणि मुख्य साइटला लॉगिन असलेल्या तुम्ही ते पान नुसतं उघडलं, तर ती स्क्रिप्ट तुमच्याच अधिकारानं मुख्य साइटच्या डॅशबोर्डपर्यंत पोचू शकते. कुकी (लॉगिनची ब्राउझरमधली खूण) अमुक फोल्डरपुरती मर्यादित ठेवली तरी हे थांबत नाही. सबडोमेन वेगळं असेल तर होस्टचं नाव बदललं, घर बदललं, आणि ब्राउझर मध्ये उभा राहतो.

सर्व्हरच्या बाजूनं तर आणखी वाईट. साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एका सर्व्हरवर अनेकांची खाती) एका सीपॅनल (होस्टिंग सांभाळायचं पॅनल) खात्यातल्या सगळ्या फाइल्स एकाच युजरच्या नावावर असतात. एका फोल्डरातला पीएचपी कोड (वर्डप्रेस याच भाषेत लिहिलंय) शेजारच्या फोल्डरात लिहू शकतो. माझ्याच हातची गोष्ट सांगतो. एका संस्थेची वर्डप्रेससारख्याच जुमलाच्या १.५ आवृत्तीवरची साइट वर्डप्रेसवर आणली. जुनी फाइल कधी लागेल म्हणून जुमलाचा फोल्डर ‘जुनी’ या नावानं तिथेच ठेवला. लिंक कुठूनच नव्हती, मला वाटलं कुणाला दिसणार? सहा-सात महिन्यांनी प्राचार्यांचा फोन. गूगलवर कॉलेजचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरांत बुटांच्या आणि घड्याळांच्या जाहिराती. नवीन वर्डप्रेस अगदी अद्ययावत होतं. शिरकाव झाला होता त्या ‘जुनी’तून, आणि मग सगळ्या फोल्डरांत एकेक छोटी पीएचपी फाइल पेरलेली. तीन दिवस वेचत बसलो. लक्षात घ्या, एकाच सीपॅनल खात्यात सबडोमेन केलं असतं तरी हे झालंच असतं. सबडोमेननं ब्राउझरमध्ये भिंत येते. डिस्कवर भिंत हवी तर प्रत्येक साइटला वेगळा लिनक्स युजर, वेगळा पीएचपी पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट) आणि वेगळा डेटाबेस-युजर द्यावा लागतो. तुमच्याकडे व्हीपीएस (स्वतंत्र आभासी सर्व्हर) आहे म्हणता, मग हे नक्की करा. एकाच डेटाबेसमध्ये वेगवेगळ्या प्रीफिक्सनं (टेबलाच्या नावाआधीच्या अक्षरांनी) चार साइट ठेवायची काटकसर करू नका. डेटाबेस फुकट आहे.

सीपॅनलवर सबडोमेन काढताना आणखी एक. त्याची मूळ जागा म्हणून पब्लिक एचटीएमएलच्या आतलाच फोल्डर दिला, तर तीच साइट विज्ञान.संस्था.इन आणि संस्था.इन/विज्ञान अशा दोन्ही पत्त्यांवर उघडते. गूगलला दोन साइट दिसतात आणि मुख्य साइटच्या एचटीॲक्सेसचे (फोल्डरातली सर्व्हरसाठीच्या नियमांची फाइल) नियम आतल्या साइटला लागतात. जागा पब्लिक एचटीएमएलच्या बाहेर, शेजारी ठेवा.

तरीही फोल्डर लागतोच कधी कधी. प्रवेशाचं पान, नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था) कागदपत्रं, हे मुख्य पत्त्याखालीच शोभतं. तेव्हा पहिल्या दिवशी जो त्रास होईल तो असा: संस्था.इन/विज्ञान/ उघडतं, पण त्यातल्या कुठल्याही लिंकवर टिचकी मारली की ४०४, म्हणजे पान सापडत नाही. इथे एक गोष्ट बघा. ४०४च्या पानावर कोणाचं बोधचिन्ह दिसतंय? मुख्य साइटचं दिसत असेल तर विनंती विज्ञानच्या वर्डप्रेसपर्यंत गेलेलीच नाही.

कारण असं. मूळ फोल्डरातल्या एचटीॲक्सेसमध्ये वर्डप्रेस लिहून ठेवतं की मागितलेली गोष्ट खरी फाइल किंवा खरा फोल्डर नसेल तर ती माझ्या इंडेक्स पीएचपीकडे द्या. ‘विज्ञान’ हा खरा फोल्डर आहे, म्हणून तो उघडतो. ‘विज्ञान/प्रवेश’ असा फोल्डर डिस्कवर नाही, तो फक्त पर्मालिंक (वर्डप्रेसनं पानाला दिलेला पत्ता) आहे. मग अपाचे (सर्व्हरवर पानं पुरवणारं सॉफ्टवेअर) आतल्या फोल्डरात एचटीॲक्सेस आहे का ते बघतं. तिथे रीराइट (पत्ता वळवायची सोय) चालू केलेलं असेल तर वरचे नियम बाजूला पडतात आणि आतले लागतात. नसेल तर वरचेच लागतात, विनंती मुख्य वर्डप्रेसच्या पदरात पडते, आणि ते बिचारं म्हणतं, असं पान माझ्याकडे नाही. उपाय: आतल्या साइटच्या पर्मालिंक सेटिंगमध्ये जाऊन काहीही न बदलता सेव्ह करा म्हणजे ती फाइल तयार होते, आणि तिच्यातला रीराइटबेस ‘/विज्ञान/’ आहे ना ते डोळ्यांनी बघा. मुख्य साइटवरून फाइल कॉपी करून आणली की तिथे नुसता स्लॅश राहतो आणि पुन्हा तेच. शिवाय वर्डप्रेसच्या सुरुवात आणि शेवट अशा दोन खुणांमध्ये स्वतःच्या ओळी लिहू नका. पुढच्या वेळी पर्मालिंक सेव्ह झालं की पुसल्या जातात.

याचा उलटा प्रकारही होतो. मुख्य साइटवर ‘विज्ञान’ नावाचं पान आधीपासून आहे आणि तुम्ही त्याच नावाचा फोल्डर केला. फोल्डर जिंकतो. आत अजून काही टाकलेलं नसेल तर लोकांना ४०३ (प्रवेश नाही) दिसतं आणि कार्यालयात फोन सुरू होतात.

अपाचेऐवजी एनजिनएक्स असेल तर एचटीॲक्सेस हा प्रकारच नाही, सगळं सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये. तिथे बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. फोल्डरसाठी तुम्ही साधा लोकेशन ब्लॉक लिहिता, पण पीएचपीसाठीचा रेगेक्सवाला (नमुन्यावरून पत्ता ओळखणारा) ब्लॉक त्याला मागे टाकतो आणि आतल्या साइटची पीएचपी भलत्याच पूलमध्ये चालते. लोकेशनच्या पुढे कॅरेट-टिल्ड (^~) लावा आणि पीएचपीचा ब्लॉक त्याच्या पोटात ठेवा.

आता मूडल. याला सबडोमेनच द्या, आणि कारण सुरक्षेपेक्षा वजनाचं आहे. चाचणी सकाळी ११ला म्हटलं की ११ला दीडशे पोरं एकाच मिनिटाला ‘सुरू करा’ दाबतात. त्याच मशीनवर प्रवेशाचं पान असेल आणि प्रवेशाचे दिवस असतील, तर दोन्ही बसतात. सबडोमेन असेल तर एक दिवस मूडल दुसऱ्या मशीनवर हलवता येतं. डीएनएसमधली (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यादी) एक नोंद बदलायची, पत्ता तोच राहतो. आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे बदल लवकर पोचतो. फोल्डर असेल तर हलवायला मध्ये रिव्हर्स प्रॉक्सी (विनंती दुसऱ्या मशीनकडे पोचवणारा मध्यस्थ) बसवावी लागते. तीही बसवता येते, पण मग तिच्या कॉन्फिगमधल्या प्रॉक्सी-पास या ओळीच्या शेवटच्या स्लॅशवर रात्र जाते. एनजिनएक्समध्ये आतल्या पत्त्याला शेवटी स्लॅश दिला तर फोल्डरचं नाव गाळून विनंती पुढे जाते, नाही दिला तर नावासकट जाते. शिवाय बाहेर एचटीटीपीएस आणि आत एचटीटीपी असेल तर आतल्या वर्डप्रेसला वाटतं आपण असुरक्षित पत्त्यावर आहोत. ते पुन्हा एचटीटीपीएसकडे पाठवतं, प्रॉक्सी पुन्हा आत आणते, आणि ब्राउझर ‘फार वेळा रीडायरेक्ट झालं’ म्हणून हात टेकतो. प्रॉक्सीनं मूळ प्रोटोकॉल हेडरमध्ये कळवायचा आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये तो हेडर बघून एचटीटीपीएस चालू आहे असं मानायचं, एवढाच तोडगा.

मूडलचा पत्ता त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-रूट म्हणून पक्का लिहिलेला असतो आणि तो एकच असतो. दोन पत्त्यांवरून एकच मूडल चालवायचा खटाटोप करू नका. मूडल-डेटा हा फोल्डर वेबच्या बाहेर ठेवायचा, हे इन्स्टॉल करतानाच सांगितलेलं असतं, तरी आत ठेवलेला मी दोनदा पाहिलाय. उद्या शाळांसाठी दुसरं मूडल निघालं आणि ते त्याच होस्टखाली गेलं तर सेशन कुकींचा गोंधळ होऊ शकतो. त्यासाठी कुकीच्या नावाला वेगळी शेपटी द्यायची सोय मूडलच्या सेटिंगमध्येच आहे. वर्डप्रेसला ही अडचण येत नाही, ते साइटच्या पत्त्याचा एमडी५ (पत्त्यावरून निघणारी ठरावीक खूण) कुकीच्या नावातच घालतं. खरी पंचाईत करतात ते गावातल्या पोरानं लिहून दिलेले फी भरायचे फॉर्म. पीएचपीचं सेशन जसंच्या तसं वापरलेलं, कुकीचं ठरावीक नाव, रस्ता नुसता स्लॅश. असे दोन फॉर्म एका होस्टखाली आले की एकातून लॉगिन केल्यावर दुसऱ्यातलं उडतं, आणि कधी कधी दुसऱ्यात भलत्याचंच नाव दिसतं. फीच्या पावतीवर.

१२ शाळांसाठी मल्टिसाइट. इथे मला शंका नाही. या साइट एका साच्यातल्या आहेत: मुख्याध्यापकांचं मनोगत, शिक्षकवृंद, निकाल, सूचना, स्नेहसंमेलनाचे फोटो. थीम एक, प्लगइन चार, अपडेट मारणारा माणूस एकच. बारा वेगळी वर्डप्रेस म्हणजे बारा वेळा अपडेट, आणि तिसऱ्या महिन्यानंतर कुणीही मारत नाही. वर्डप्रेस एमयू नावाचा वेगळा प्रकल्प होता तो २०१०मध्ये ३.० आवृत्तीत मूळ वर्डप्रेसमध्येच मिसळला, त्यामुळे आता वेगळं काही आणावं लागत नाही. युजरचं टेबल सगळ्या साइटना मिळून एक, आणि प्रत्येक साइटला स्वतःची दहा टेबलं. मुख्य धरून १३ साइट झाल्या तर १३० आणि वर सामायिक आठ, प्लगइनची टेबलं सोडून. फोटो अपलोड्सच्या आत ‘साइट्स’ फोल्डरात साइटच्या क्रमांकानं जातात. हे माहीत असलेलं बरं, कारण बॅकअपमधून एकाच शाळेचं काहीतरी काढायची वेळ येते तेव्हा हीच खूण लागते.

पण तुमच्या चालू मुख्य साइटवर मल्टिसाइट चढवू नका. आठ वर्षं जुनी आहे. महिन्याहून जुनी एखादी प्रकाशित नोंद सापडली की वर्डप्रेस फोल्डरचा पर्याय दाखवतच नाही, फक्त सबडोमेनचा देतं. ते उगाच नाही, जुन्या पानांची नावं आणि नव्या साइटची नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. बळजबरीनं फोल्डरचा पर्याय चालू करता येतो, पण मग मुख्य साइटच्या सगळ्या नोंदींच्या पत्त्यात मध्ये ‘ब्लॉग’ हा शब्द घुसतो आणि आठ वर्षांच्या लिंका मोडतात. त्यापेक्षा शाळा.संस्था.इन असं एक सबडोमेन काढा, तिथे कोरं वर्डप्रेस टाका, लगेच त्याच दिवशी नेटवर्क चालू करा आणि फोल्डरचा पर्याय घ्या. शाळांचे पत्ते शाळा.संस्था.इन/कराड, शाळा.संस्था.इन/पाटण असे होतील. मुख्य साइटला धक्का नाही. साइटच्या नावात लहान रोमन अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढंच चालतं, देवनागरी नाही. पेज, फीड, फाइल्स, ब्लॉग अशी काही नावं राखीव आहेत, पण गावाचं नाव त्यात सापडायची भीती नाही.

मुख्याध्यापकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. मल्टिसाइटमध्ये साइटच्या ॲडमिनला प्लगइन टाकता येत नाही आणि मजकुरात परकं स्क्रिप्ट किंवा आयफ्रेम चिकटवलं तर सेव्ह करताना गायब होतं. तो हक्क फक्त सुपर ॲडमिनला (सगळ्या नेटवर्कच्या ॲडमिनला). ‘आमचा गूगल मॅप दिसत नाही’ हा फोन हमखास येणार.

वरिष्ठ महाविद्यालय या नेटवर्कमध्ये घेऊ नका. त्यांचा आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक वेगळा, त्यांचा कॉम्प्युटर विभाग वेगळा, त्यांना त्यांची थीम हवी असणार. त्यांना वेगळं सबडोमेन, वेगळा डेटाबेस, आणि चाव्या त्यांच्याकडे.

महाविद्यालयाच्या बाबतीत एका गोष्टीवर मी अडून बसतो: नॅकच्या लिंका. एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) आणि एसएसआर (स्वयंमूल्यांकन अहवाल) भरताना कागदपत्रांच्या ज्या लिंका दिल्या गेल्यात त्या संस्थेच्या साइटवरच्या पीडीएफच्या आहेत. त्या दर वर्षी साठत जातात, आणि पडताळणीच्या वेळी त्यातली एक जरी उघडली नाही तरी ते सगळं समन्वयक मॅडमच्या डोक्यावर येतं. साइट हलवण्याआधी त्या सगळ्या लिंका एका एक्सेल शीटमध्ये मागून घ्या. पीडीएफ जिथे आहेत तिथेच राहू द्या. हलवल्याच तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ (कायमचं) रीडायरेक्ट, एकेका फाइलसाठी, आणि तेही कमांडनं तपासून. ‘सगळं मुखपृष्ठाकडे पाठवा’ हा आळशीपणा इथे चालत नाही, तपासणाऱ्याला फाइल हवी असते, तुमचा स्लायडर नको असतो. नवीन कागदपत्रांसाठी आत्ताच एक फोल्डर ठरवा, वर्षानुसार, कुठल्याही सीएमएसच्या (वर्डप्रेससारख्या सॉफ्टवेअरच्या) बाहेर, साध्या फाइल्स म्हणून. वर्डप्रेस उद्या गेलं तरी त्या उघडतील.

पत्त्यात सॉफ्टवेअरचं नाव घालू नका, हेही याच्याच पोटातलं. मूडल.संस्था.इनपेक्षा वर्ग.संस्था.इन बरं. आणि ‘नवीन’ नावाचा फोल्डर तर नकोच. मी पाहिलेला सगळ्यात जुना फोल्डर ‘नवीन’ हाच आहे.

साइट एका पत्त्यावरून दुसऱ्यावर नेताना डेटाबेसमध्ये जुना पत्ता शोधून नवा घालायचा असतो. हे पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस हाताळायच्या वेबपानावर) साध्या रिप्लेसनं करू नका. विजेट, थीमची सेटिंग वगैरे माहिती पीएचपी सीरियलाइझ करून ठेवतं, म्हणजे मजकुराआधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. पत्ता चार अक्षरांनी लांबला आणि आकडा जुनाच राहिला की ते सगळं वाचताच येत नाही, मुखपृष्ठाचे निम्मे भाग कोरे. डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेस कमांडनं चालवायचं साधन) सर्च-रिप्लेस कमांड आकडाही दुरुस्त करते. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) करून किती जागी बदल होणार ते बघा.

मराठी मजकूर टाकणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे, तो कुठल्याच इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. वर्डप्रेस पानाच्या शीर्षकावरून पत्ता बनवतं. तो साठवायची जागा २०० अक्षरांची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, हलन्तसुद्धा, पत्त्यात नऊ अक्षरं खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘अकरावी प्रवेश प्रक्रिया वेळापत्रक’ हे शीर्षक घ्या. अकरावी ५४, प्रवेश ५४, प्रक्रिया ८१, मधल्या जागा मिळून १९२. पुढच्या ‘वे’मधल्या वलाही जागा नाही. पत्ता होतो ‘अकरावी-प्रवेश-प्रक्रिया’. दुसऱ्या दिवशी लिपिक ‘अकरावी प्रवेश प्रक्रिया शुल्क’ टाकतो. त्याचाही पत्ता तोच निघतो, म्हणून शेवटी २ लागतो. तिसऱ्याला ३. मग व्हॉट्सॲपवर पालकांना पाठवलेल्या लिंकवरून कळेना की वेळापत्रक कुठलं आणि शुल्क कुठलं, शिवाय ती लिंक कॉपी केली की टक्क्याच्या खुणांची चार ओळींची मालगाडी. बारा शाळांचे बारा लिपिक हेच करणार. त्यांना पहिल्याच प्रशिक्षणात सांगा: शीर्षक मराठीतच, पत्ता मात्र रोमनमध्ये, दोन-तीन शब्दांचा, हातानं लिहायचा.

एचटीटीपीएससाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटचं फार अवघड राहिलेलं नाही. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनांना चालणारं सर्टिफिकेट) २०१८पासून मिळतं, फक्त त्याला डीएनएसमध्ये नोंद घालून मालकी सिद्ध करावी लागते. मुदत ९० दिवस, म्हणून नूतनीकरण आपोआप होतंय ना ते बघा. एसी.इन किंवा ईडीयू.इन असेल तर नोंदणी अर्नेट या सरकारी संस्थेकडे असते, पण महत्त्वाचं हे की डीएनएसच्या खात्याचा पासवर्ड आज नक्की कोणाकडे आहे. निवृत्त झालेल्या सरांच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते काम करा. वाइल्डकार्ड एकाच पायरीपर्यंत चालतं: विज्ञान.संस्था.इन चालेल, पण त्याच्या आधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की चालणार नाही. आणि माहितीपत्रक छापणारा प्रेसवाला ते लावतोच. दोन हजार प्रती छापून आल्यावर हे कळलेलं आहे मला. मुख्य सबडोमेनांची डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकटची नावंही डीएनएसमध्ये आणि सर्टिफिकेटमध्ये घालून टाका. प्रेसवाल्याशी वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

रोबोट्स फाइल (शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणारी) होस्टला एकच असते, अगदी मुळाशी. फोल्डरात ठेवलेली कुणी वाचत नाही. चाचणीची साइट संस्था.इन/टेस्टमध्ये करून तिथे मनाईची रोबोट्स फाइल ठेवली आणि निश्चिंत झालात, तर ‘लोरेम इप्सम’ लिहिलेली पानं गूगलमध्ये दिसतील. चाचणीच्या साइटला पासवर्डच लावा. सबडोमेननं गूगलमधला क्रम घसरतो अशी भीती सचिवांना कुणीतरी घातलेली दिसते. गूगल दोन्ही प्रकार चालतात असंच सांगत आलंय, आणि तालुक्याच्या कॉलेजला लोक नावानंच शोधतात. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये डोमेन प्रकारची प्रॉपर्टी घेतली की सगळी सबडोमेन एका जागी दिसतात.

बंद पडलेल्या सबडोमेनची डीएनएस नोंद मात्र काढायला विसरू नका. बाहेरच्या एखाद्या सेवेकडे बोट दाखवणारी नोंद तशीच राहिली आणि तिथलं खातं बंद झालं, तर दुसरा कुणीही त्या सेवेवर तेच नाव घेऊन तुमच्या नावाखाली दुकान मांडू शकतो.

शेवटी कोहा. ते फोल्डरात बसवायच्या फंदात पडू नका. त्याचे पत्ते मुळापासून सीजीआय-बिनच्या ठरावीक रस्त्यानं जातात आणि त्याला स्वतःचा व्हर्च्युअल होस्ट लागतो. ग्रंथालय.संस्था.इन असं सबडोमेन, त्याची नोंद कॅम्पसच्या स्थिर आयपीकडे. स्थिर आयपी नसेल तर इंटरनेट देणाऱ्याकडून वेगळे पैसे भरून घ्या. कोहाच्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये ओपॅकचा (वाचकांसाठीच्या पुस्तकसूचीचा) मूळ पत्ता नवा घाला. बाहेर उघडायचा तो फक्त ओपॅक. ग्रंथपालांचा स्टाफ इंटरफेस बहुतेक ठिकाणी ८०८० पोर्टवर असतो, तो राउटरवरून बाहेर सोडू नका. त्यात सगळ्या विद्यार्थ्यांचे पत्ते आणि मोबाइल आहेत.

आणि मुख्य साइटवर कुणी सुरक्षेच्या प्लगइनमधून एचएसटीएस (‘नेहमी एचटीटीपीएसनंच या’ असा ब्राउझरला दिलेला नियम) चालू करताना ‘सबडोमेनसकट’ ही खूण केली, तर ज्या ब्राउझरनं मुख्य साइट एकदा पाहिलीय तो त्यानंतर ग्रंथालयालाही एचटीटीपीएसनंच जाणार. कोहा अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर ग्रंथपालांच्या टेबलावर एका सकाळी ओपॅकही उघडणार नाही आणि तो ८०८०वाला स्टाफ इंटरफेसही नाही, कारण हा नियम पोर्ट बघत नाही. सर्व्हर चालू, नेट चालू, केबल बदलून झाली, आणि शेजारच्या मशीनवर मात्र नीट चालतंय, कारण त्या ब्राउझरनं मुख्य साइट कधी उघडलेलीच नव्हती. आधी कोहाला सर्टिफिकेट, मग ती खूण.